बापासाठी राखलेले केस

टीव्हीवर तीन वर्षं मी परग्रहावरचा माणूस होतो. कपाळावर रबराची हिरवट पट्टी, गळ्याला माशासारखे कल्ले, अंगात घामाने कुजणारा चंदेरी सूट. तोंडातून निघणारा आवाजही माझा नव्हता. मालिका हिंदी होती आणि माझी हिंदी ऐकून दिग्दर्शक पहिल्याच आठवड्यात म्हणाला की हा दुसऱ्या ग्रहावरचा वाटत नाही, भांडुपचा वाटतो. तेव्हापासून दुसरा एक माणूस वातानुकूलित खोलीत बसून माझ्या ओठांवर त्याचे शब्द चिकटवायचा. त्या सगळ्या पात्रात माझं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे टक्कल.

त्याआधी मी प्रेतं करायचो. गुन्ह्यांच्या मालिकांमध्ये चादरीखालचं प्रेत, फारच नशीब फळफळलं तर इन्स्पेक्टरच्या मागचा हवालदार. अंधेरीला एका जिन्यावर ऑडिशनची रांग लागलेली असायची, त्या जिन्याच्या पायऱ्या मी इतक्या झिजवल्या की वॉचमन मला भाडेकरू समजायचा. परग्रहवाल्याच्या ऑडिशनला अभिनय करून दाखवायचा नव्हताच. चॅनेलच्या बाईंनी मला केस ओले करून दोन्ही हातांनी मागे दाबून धरायला सांगितले, डावीकडून, उजवीकडून, मागून फोटो काढले आणि म्हणाल्या की डोक्याचा आकार छान आहे. एकतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणाला माझं डोकं पसंत पडलं होतं. मी तिथेच होकार दिला. टक्कल करावं लागेल, तीन दिवसांआड वस्तरा फिरवावा लागेल, असं त्यांनी सांगितलं, त्यालाही मी मान डोलावली.

आमच्याकडे बाप जिवंत असताना डोकं भादरत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कोकणातल्या घरात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. बाप गेला की मुलाने क्षौर करायचं, मग अग्नी द्यायचा. टक्कल केलेला मुलगा रस्त्यात दिसला की लोक चपला काढून बाजूला उभे राहतात आणि हळूच विचारतात, कोण?

मेकअपच्या खोलीत केस कापायला एक म्हातारा होता, उत्तरेकडचा. माझ्या डोक्यावर पाणी मारून झालं, वस्तऱ्यात नवं पातं घालून झालं आणि मग त्याने हात थांबवला. आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "पिताजी हैं?" मी म्हटलं, आहेत. तो तसाच उभा राहिला. मी त्याला सांगितलं की घरून परवानगी आहे. घरी मी अक्षर बोललो नव्हतो. त्याने खांदे उडवले आणि कपाळापासून मागे पहिली पट्टी काढली.

संध्याकाळी घरी गेलो. आमचं घर भांडुपला, डोंगराच्या चढावर. बाप गिरणीतला, गिरणी गेल्यावर मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन. तो नुकताच ड्यूटीवरून आला होता आणि दार त्यानेच उघडलं. माझ्या डोक्याकडे त्याने किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही, पण आई आतून दोनदा विचारून गेली की कोण आलंय. मग त्याने मला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. मी मालिकेचं सांगितलं, रोज लागणार म्हणून सांगितलं, मोठं काम आहे म्हणून सांगितलं. त्याने खुंटीवरची स्वतःची तपकिरी कानटोपी काढली, माझ्या डोक्यावर घातली, दोन्ही कानांवरून खाली ओढली आणि म्हणाला की घरात असशील तोवर ही डोक्यावर राहिली पाहिजे.

मे महिना होता. लोकरीची टोपी घालून मी जेवायला बसलो. आईने वाढलं. बाप ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतली काकू आली. आमच्याच तालुक्यातली, आईची गाववाली. बाजारात तिने मला भाजी घेताना पाठमोरं पाहिलं होतं आणि तिला जे समजायचं ते समजलं होतं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून ती डाळभाताचं पातेलं घेऊन, पदराने डोळे पुसत आमच्या दारात आली. दार बापाने उघडलं. काकूच्या तोंडून हुंदका अर्धा बाहेर पडला होता, तो तिथेच अडकला.

"मी अजून आसंय," बाप म्हणाला. "येवा, बसा. च्याय घेवा."

ती बसली. पातेलं कुठे ठेवावं ते तिला कळेना, मांडीवर घेऊन बसली. बापाने तिच्याशी गावच्या गोष्टी केल्या, कोणाच्या आंब्याला मोहोर आला नाही, कोणाची म्हैस गाभण आहे, सगळं विचारलं. ती गेल्यावर तो डाळभात त्याने ताटात वाढून घेतला आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. अन्न फुकट कशाला घालवा, म्हणाला. हात धुताना माझ्याकडे न बघता आणखी एक वाक्य बोलला, "माझो तेरावो तू आदीच घातलंस."

मी हसलो. मला ते खरंच विनोदी वाटलं. दुसऱ्या दिवशी सेटवर मी हा प्रसंग काकूच्या हुंदक्यासकट करून दाखवला, बापाच्या मालवणीची नक्कल केली, आणि सगळे पोट धरून हसले. तो माझा हुकमी किस्सा झाला. पुढे मालिका चालायला लागली आणि एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझी मुलाखत आली, त्यातही मी तो सांगितला. धाकट्या भावाने ती मुलाखत बापाला वाचून दाखवली. वाचून झाल्यावर बापाने चष्मा मागितला, कागद स्वतःच्या हातात घेतला आणि फोटो बघितला. फोटोत मी टक्कल आणि हिरवी पट्टी लावून हसत होतो. त्याने कागद घडी घालून भावाला परत दिला.

तेव्हा मला त्याचा राग यायचा. अडाणी, जुनाट, मुलाचं नाव होतंय ते याला दिसत नाही. मी विज्ञानाच्या मालिकेत काम करत होतो ना! त्या मालिकेतलं विज्ञान असं होतं की माझ्या छातीला लोहचुंबक लावलं की सापाचं विष उतरायचं, आणि अमावास्येला माझ्या यानाची बॅटरी संपायची. पण मी सेटवरून घरी यायचो तो मोठा वैज्ञानिक होऊनच यायचो आणि कानटोपी घालून बापाच्या पाठीकडे बघत जेवायचो. तो पाठ फिरवतो याचं मला दुःख नव्हतं, अपमान वाटायचा. दोन्हींत फरक आहे, आणि तो मला आता कळतो.

बाहेर चंगळ होती. बोरिवलीला हॉलमध्ये श्रीमंतांच्या मुलांच्या वाढदिवसाला मला सूट घालून बोलवायचे. मी धुरातून यायचो, मुलं किंचाळायची. एका वाढदिवसाला उत्सवमूर्तीने माझ्या कपाळाची पट्टी दोन्ही हातांनी धरून ओढून काढली, आतला लालसर, सोललेला माणूस बघितला आणि भोकाड पसरलं. आईबाप हसत होते. मुलाची समजूत काढायला मला बाहेर जायला सांगितलं. केकचा तुकडा कागदात बांधून दिला. मी तो रिक्षात बसून खाल्ला आणि टोपी घालून घरी गेलो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मालिका घसरली. चॅनेलच्या बाईंनी बैठक घेतली आणि ठरलं की परग्रहवाल्याने आता माणूस व्हायचं. बायकांना कल्ले आवडत नाहीत म्हणे. कथेत मी कसलं तरी निळं पाणी पितो, कल्ले गळून पडतात, केस उगवतात आणि एका निपुत्रिक म्हाताऱ्याच्या बंगल्यात मी त्याचा मानलेला मुलगा म्हणून राहायला जातो. यान मागच्या अंगणात गंजत पडतं. पुढे सासू, दोन जावा, एक विषारी आत्या, सगळं आपोआप येतं. अंतराळातून सुटलेला मी फिरून स्वयंपाकघरात येऊन पडलो.

केस एका दिवसात उगवत नाहीत, म्हणून माझ्या डोक्याच्या मापाचा एक विग करून घेतला. चार महिने मी तो लावला. विग बरा होता, फक्त खाजायचा, आणि कपाळापाशी त्याची जाळी अगदी जवळून बारीकशी दिसायची. माझे केस कानापर्यंत आल्यावर तो खोक्यात गेला. खोक्यावर माझ्या पात्राचं नाव लिहून मेकअपच्या खोलीत फळीवर ठेवलं होतं. तिथे बसलो की ते रोज समोर दिसायचं. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

घरात माझ्या डोक्यावर पहिले खुंट दिसायला लागले तसा बाप बदलला. तोंडाने काही नाही, पण एके दिवशी त्याने ताट भिंतीकडून वळवलं. मग एकदा आईला म्हणाला, त्याच्या डोक्याला तेल घाल, केस राठ आहेत. टोपी पुन्हा खुंटीवर गेली. आम्ही समोरासमोर बसून जेवायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की या दोन वर्षांत तो किती वाळला आहे. गिरणीतला कापूस त्याच्या छातीत राहिलेला होताच. घास घेताना मध्येच थांबायचा, खोकायचा, पाणी प्यायचा, पुन्हा घास घ्यायचा. मी नजर ताटात ठेवायचो.

दिवाळीच्या आसपास एका दुपारी आम्ही दोघंच घरी होतो. तो खाटेवर होता. मला जवळ बोलावलं. हात माझ्या डोक्यावर ठेवला, केसांतून बोटं फिरवली, जणू कापडाचा पोत बघतो आहे. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस, त्याला दुसरं हाताळणं ठाऊक नव्हतं.

"ह्ये केस आता माझ्यासाठी ठेव," तो म्हणाला. "पयल्या खेपेक तुझी येळ चुकली."

मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. हो म्हणजे हो, अशा माणसांच्या पिढीतला तो होता.

फेब्रुवारीत त्याला मुलुंडच्या हॉस्पिटलात ठेवलं. मालिकेत तेव्हा माझं लग्न चाललं होतं. मालिकेतलं लग्न दोन-तीन आठवडे चालतं, कारण पाहुण्यांचे कपडे भाड्याचे असतात आणि सजावट एकदाच करायची असते. भाऊ हॉस्पिटलात बसायचा, मी मरोळच्या सेटवर मुंडावळ्या बांधून बसायचो. सकाळी दहाच्या सुमारास भावाचा फोन आला. बाबा गेले, एवढंच बोलला.

मी मुंडावळ्या सोडल्या. आता जे झालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी सरळ दाराकडे गेलो नाही, आधी दिग्दर्शकाकडे गेलो. तो काही विचारायच्या आत, त्याचा चेहरा पडायच्या आत, मीच म्हटलं, "सर, वडील गेले. मी जाऊन येतो. केस काढत नाही, काळजी करू नका." अर्धं लग्न चित्रित झालं होतं. अर्ध्या लग्नात नवरदेवाचे केस आणि अर्ध्यात टक्कल, असं चालत नाही, आमच्या धंद्यात त्याला कंटिन्युइटी म्हणतात. पण ते त्याला आठवायच्या आत मी स्वतःहून बोललो होतो. त्याने माझा खांदा थोपटला आणि युनिटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की ह्याला म्हणतात प्रोफेशनल. पवईवरून भांडुपला जाताना रिक्षात मला बाप गेल्याचं दुःख होतं, आणि त्या शब्दाचा आनंदही होता. दोन्ही एकाच वेळी होते, खोटं कशाला बोलू?

स्मशानात न्हावी पाटावर बसला होता. भटजींनी थोरला मुलगा कोण म्हणून विचारलं. मी पुढे झालो आणि म्हटलं की अग्नी मी देईन, पण क्षौर करणार नाही, कामाची अडचण आहे. भटजी कोणाला दुखवणारे नव्हते. रोज दहा घरांची मयतं बघणारा माणूस, त्यांनी शांतपणे सांगितलं की क्षौर करणाराच अग्नी देतो, दोघांत कोण ते तुम्ही ठरवा. गावाकडून आलेले काका, चाळीतले पुरुष, बापाच्या सोसायटीतले दोन वॉचमन, सगळे माझ्या डोक्याकडे बघत होते. तेल लावलेलं, सेटवरून तसंच आलेलं, नीट भांग पाडलेलं डोकं.

"तू बाजूला हो दादा," भाऊ म्हणाला आणि पाटावर जाऊन बसला.

त्याचे केस कुरळे, दाट. ते काढताना तो माझ्याकडे बघत होता. मग मडकं त्याच्या खांद्यावर गेलं, फेऱ्या त्याने मारल्या, अग्नी त्याने दिला. मी लोकांमध्ये उभा होतो. कोणीतरी मला ओळखलं, दुसऱ्या मयताबरोबर आलेला एक मुलगा, आणि लांबून त्याने मोबाइलवर माझा फोटो काढला. मी चेहरा थोडा उजेडाकडे केला. सवयीने झालं ते, पण केलं.

चौथ्या दिवशी मी सेटवर गेलो. आईला सांगितलं की साधंच शूटिंग आहे, बसून बोलायचं. त्या दिवशी चित्रीकरणात मागे राहिलेली माझी हळद होती. घरात बापाचं सुतक आणि अंधेरीत पाच बायका माझ्या गालांना हळद फासत होत्या. घरी जाण्याआधी साबणाने तीनदा तोंड धुतलं. नखांच्या कडेला पिवळं राहिलं होतं, ते आईला दिसलं की नाही मला माहीत नाही.

दहाव्याला पिंड ठेवला. मला वाटत होतं कावळा शिवणार नाही. सगळ्यांनाच वाटत होतं, म्हणून सगळे माझ्यापासून जरा अंतर ठेवून उभे होते. काहीतरी इच्छा राहिली असेल तर बोला, असं काका म्हणतील, आणि मग मला बोलावं लागेल. मी मनात शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण भावाने दोन पावलं मागे घेतली आणि कावळा खाली आला, चोच मारली, भात घेऊन उडाला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. काही इच्छा उरली नव्हती, चांगलं झालं, असं काका म्हणाले. मला मात्र तिथे कळलं की बापाने माझी वाट बघणंच सोडून दिलं होतं. तो केव्हाच मोकळा झाला होता.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर भाऊ आणि मी चटया गुंडाळत होतो. त्याच्या डोक्यावर काळी सावली यायला लागली होती. तो चटईकडे बघतच म्हणाला, "दादा, तुझ्याकडे तो विग होता ना रे?"

"विग क्लोजअपमध्ये कळतो," मी म्हटलं.

त्याने चटई तिथेच टाकली, चपला घातल्या आणि बोरिवलीला स्वतःच्या घरी निघून गेला. त्यानंतर तो आईला भेटायला येतो ते मी घरी नसतो तेव्हा.

जूनमध्ये मालिका पुन्हा घसरली. आता कोणाला तरी मारायला हवं होतं, म्हणून माझ्या पृथ्वीवरच्या मानलेल्या बापाला मारायचं ठरलं. ते काम करणारा म्हातारा मजेदार माणूस होता, डबा खाताना मला मासे काढून द्यायचा. मरणाचा भाग झाला आणि त्याने सगळ्यांना पेढे वाटले, कारण त्याला दुसऱ्या मालिकेत आजोबांचं काम मिळालं होतं. मग क्रियाकर्माचा भाग आला. परग्रहावरचा मुलगा पृथ्वीवरच्या बापासाठी केस देतो, चॅनेलच्या बाईंना ही कल्पना इतकी आवडली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोक्यावर रबराची टक्कलटोपी चढवायची म्हणून दिग्दर्शकाने सांगितलं, पण ती बसवायला दोन तास लागतात आणि कानामागे सुरकुती दिसते. लग्न कधीच संपलं होतं, कंटिन्युइटीची अडचण नव्हती.

"खरंच काढू या," मी म्हटलं.

तोच उत्तरेकडचा म्हातारा आला. त्याला पांढरं धोतर नेसवून मालिकेतलाच न्हावी केला होता. तीन कॅमेरे लावले. पाणी मारलं, पातं घातलं, आणि त्याने पुन्हा हात थांबवला. कॅमेरे अजून चालू व्हायचे होते. हळू आवाजात विचारलं, "पिताजी?" मी म्हटलं, गेले. "फिर ठीक है," तो म्हणाला.

ग्लिसरीन घेऊन मेकअपवाला बाजूला उभा होता, त्याची गरज पडली नाही. मी बापाचा हात आठवला. दिवाळीची दुपार, खाट, केसांतून फिरलेली बोटं, ते वाक्य. मुद्दाम, एकेक करून आठवलं, जसं लाकूड सारावं तसं आत सारत गेलो, आणि पाणी वाहायला लागलं. मी सुंदर रडलो. एका दमात झालं सगळं, दुसरा टेक घ्यावा लागला नाही. युनिटने टाळ्या वाजवल्या. ते केस झाडून एका खोक्यात भरले, पुढे क्लोजअप घ्यावा लागला तर असावेत म्हणून.

घरी गेलो. दार आईने उघडलं. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा जो बदलला तो मी कुठल्याही नटीच्या तोंडावर पाहिलेला नाही. तिने दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, खाली वाकवलं, स्वतःच्या कपाळाला लावलं.

"सुचला रे तुका," ती म्हणाली. "उशिरा सुचला, पण सुचला."

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण ती रडत होती आणि हसत होती, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलत होती, आणि मला ते हवं होतं. तिने मोरी मासे आणायला कांजूरच्या बाजारात जाते म्हणून पिशवी घेतली, बापाला मोरीचं कालवण आवडायचं. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या फोटोपुढे ताट वाढलं, माझं ताट शेजारी, आणि भावाला फोन करून सांगितलं की दादाने बाबांसाठी केस काढले. भाऊ पलीकडे काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, तसा बोला नको, तो तुझो मोठो भाव आसा.

मी ते कालवण खाल्लं. चांगलं झालं होतं.

तो भाग पुढच्या मंगळवारी लागणार होता. सोमवारचा भाग बघून झाल्यावर मी सेट टॉप बॉक्सची वायर मागून सैल केली आणि बिघडला आहे, माणूस बोलावतो, असं सांगितलं. आई बरं म्हणाली. सकाळी घरातून निघताना मी स्वतःवर खूश होतो. मंगळवारी संध्याकाळी परत आलो तर दाराला कडी होती. तिला वाटलं होतं की मुलाचं काम एक दिवससुद्धा चुकवू नये, म्हणून ती खालच्या आळीत काकूकडे बघायला गेली होती. त्याच काकूकडे.

आठ वाजून गेल्यावर ती चढ चढून आली. काकू तिच्याबरोबर होती, पण आमच्या दारापर्यंत आली नाही, वळणावरच थांबली आणि परत फिरली. आई आत आली, पाय धुतले, देवापुढे दिवा लावला होता तो सारखा केला. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मी म्हटलं, आई, ऐक. ती ऐकायला थांबली नाही. खुंटीपाशी गेली, तिथून बापाची तपकिरी कानटोपी काढली, झटकली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"टोपी घाल," ती म्हणाली. "घरात बापूस आसा तुझो."

मी ती घातली, कानांवरून खाली ओढली. आईने दोघांना वाढलं आणि तिचं ताट घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली.

मालिका ऑगस्टमध्ये बंद पडली. त्यानंतर दोन जाहिराती, एक बंद पडलेला सिनेमा आणि पुन्हा चादरीखालची प्रेतं. मुलुंडच्या मॉलमध्ये मागे एक दाढीवाला तरुण मला बघून थबकला, लहानपणी तुमचा फॅन होतो म्हणाला, आणि आवाज काढून दाखवा म्हणून मागे लागला. आवाज माझा नव्हता हे मी त्याला सांगितलं नाही. आता डोक्यावर केस उरलेले नाहीत, वयाने गेले. ते काढ म्हणून कोणी सांगत नाही, ठेव म्हणूनही नाही. आई थकली आहे, तिला कमी दिसतं, पण मी जेवायला बसलो की हात लांब करून माझं डोकं चाचपते, लोकर हाताला लागली की मग पाठ वळवून बसते.